पेव, कोठार आणि कालवा : डोंगरकडा परिसरातील अन्नव्यवस्थेची सव्वाशे वर्षे

१. विषयप्रवेश

नांदेडहून अर्धापूरमार्गे हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव लागते. पैनगंगा आणि गोदावरी ह्या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. आज ह्या रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशास दुतर्फा केळीच्या बागा, हळदीचे गर्द हिरवे पट्टे, उसाचे फड आणि पावसाळ्यात सोयाबीनची सलग शेते दिसतात. थोडे पुढे वारंगा फाट्यावर थांबले तर तेथील प्रसिद्ध खिचडी पानात येते. परंतु तिच्यातील तांदूळ ह्या मातीतला नसतो. ज्वारीचे उभे शेत मात्र पूर्वीच्या मानाने फारच थोडे. शंभर वर्षांपूर्वीचे चित्र नेमके ह्याच्या उलट होते. शेतात ज्वारी, पानात ज्वारी, गव्हाणीत ज्वारीचाच कडबा आणि बलुतेदाराच्या सुपातही ज्वारीच, अशी त्या काळची स्थिती होती.

हा पालट कोणी प्रगती म्हणून गौरवितात, कोणी ऱ्हास म्हणून त्याबद्दल हळहळतात. इतिहासाच्या अभ्यासकास ह्या दोन्ही शब्दांनी समाधान होऊ नये. जुन्या व्यवस्थेत माणसे अन्नावाचून मेली, हे विसरून तिचा गौरव करता येत नाही; आणि नव्या व्यवस्थेत माणसे वाचली, एवढ्यावरून तिचा हिशेब पुरा झाला असेही मानता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात एकच प्रश्न हाती घेतला आहे. तो असा, की वाईट वर्षासाठी ठेवावयाची शिल्लक समाज कोठे ठेवतो, आणि त्या साठवणीची किंमत कोण देतो? डोंगरकडा परिसरात गेल्या सव्वाशे वर्षांत ह्या शिलकीची जागा निदान तीन वेळा बदलली. ती प्रथम पेवात होती, नंतर बाजारात व सरकारी कोठारात गेली, आणि शेवटी धरणाच्या व जमिनीच्या पोटातील पाण्यात जाऊन राहिली. ह्या तीन स्थलांतरांचा मागोवा घेतल्यास अन्नव्यवस्था आणि निसर्ग ह्यांचा संबंध नीट उलगडतो, असे वाटते.

ह्या अभ्यासास उपयोगी पडणारी साधने विखुरलेली असली, तरी दुर्मिळ नाहीत. इम्पीरियल गॅझेटिअर मालिकेतील हैदराबाद संस्थानावरील ग्रंथ (१९०९), केशव अय्यंगार ह्यांनी १९२९-३० व पुन्हा १९४९-५१ ह्या वर्षांत केलेल्या ग्रामीण आर्थिक पाहण्या, आणि परभणी जिल्ह्याचे गॅझेटिअर (१९६७) ही त्यांपैकी प्रमुख होत. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीचा कळमनुरीचा वृत्तान्त परभणीच्या कागदांत पाहावा लागतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

२. काळी आणि पांढरी

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग मानलेले दिसतात. 'काळी' म्हणजे पिकाऊ जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा. अन्नव्यवस्थेच्या अभ्यासास ही विभागणी फार उपयोगी आहे. कारण ज्वारी पिकत असे काळीत आणि साठविली जात असे पांढरीत, आणि ह्या दोहोंमधील देवघेवीवर गावाचे जीवन चाले.

येथील जमीन काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, झिजेतून बनलेली आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कठीण खडक, अशी तिची रचना. खडकाच्या भेगांत पाणी साठते, परंतु ते थोडके. ह्याउलट काळ्या मातीचा थर जाड असेल तेथे पावसाळ्यात मुरलेली ओल ती महिनोन्‌महिने धरून ठेवते. ह्या ओलीवर, वरून पाऊस न पडताही, रब्बीची ज्वारी हाती येते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर ह्या मुलखाचे पहिले धरण म्हणजे त्याची माती होय. सरासरी ८०० ते ९०० मिलिमीटरांच्या आसपास असलेला, परंतु वेळेवर येईलच अशी खात्री नसलेला पाऊस आणि ही माती, ह्या दोहोंना जुळणारे धान्य म्हणून ज्वारीची निवड पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने झालेली होती.

ज्वारी एकटी पेरली जात नसे. तिफणीने पेरताना ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ घालीत. मूग, उडीद, तीळ, अंबाडी ह्यांनाही शेतात जागा असे. ह्यात दोन हेतू साधत. पहिला विम्याचा. पाऊस लवकर गेला तर मूग-उडीद पदरात पडत, उशिरापर्यंत राहिला तर तूर फोफावे. सर्वच पिके एकदम बुडाली असे वर्ष क्वचित येई. दुसरा हेतू जमिनीचा कस राखण्याचा. द्विदल धान्याच्या मुळांवरील गाठींतील जंतू हवेतील नत्र जमिनीत आणतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८० नंतरच्या दशकात सिद्ध केले. आमच्या शेतकऱ्यास त्याचे कारण ठाऊक नव्हते, परंतु परिणाम पुरता ठाऊक होता. ह्या शेतांतून खुरपणीच्या वेळी निघणारा तांदुळजा, पाथरी, घोळ हे तण नसून भाजी होती आणि ती निवडून घरी नेणे हे स्त्रियांचे काम व त्यांचे ज्ञान होते. भाकरी, वरण आणि रानभाजी ह्या तिहींच्या जुळणीत साध्या माणसाच्या आहाराचा तोल पुष्कळ अंशी राखला जाई.

ज्वारीचे धान्य माणसास आणि कडबा जनावरास, ही वाटणी तर ह्या व्यवस्थेचा कणाच होती. कडब्यावर बैल पोसत, बैलांवर शेत कसले जाई आणि शेणखत परत काळीत जाई. इंग्लंडातून आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर ह्यांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात हिंदी शेतकऱ्याच्या कसबाची वाखाणणी केली आणि त्याबरोबरच शेण जळणात गेल्याने जमिनीचे होणारे नुकसानही दाखवून दिले. पुढे अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ ह्या काळात, म्हणजे आपल्यासारख्याच काळ्या मातीत, शेतातील टाकाऊ पाल्यापासून खत करण्याची जी पद्धत बसविली, तिच्या मुळाशीही हाच विचार होता. जमिनीतून जे घेतले, ते तिला परत केले पाहिजे.

ह्या चक्राचा शेवटचा दुवा म्हणजे पेव. पांढरीच्या कोरड्या जमिनीत खोल खड्डा घेऊन, त्यास कडब्याचे अस्तर लावून, त्यात ज्वारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात पाणी आत घेते. म्हणून पेव काळीत चालत नाही, त्यास पांढरीच हवी. आत कोंडलेल्या धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपतो व कर्बवायू साचतो. कीड त्यात जगू शकत नाही आणि धान्य वर्षानुवर्षे टिकते. उघडलेल्या पेवात घाईने उतरणारा माणूस गुदमरून मरे तो ह्याच कारणाने. औषध, यंत्र वा इंधन ह्यांवाचून केलेली ही साठवण चांगल्या सालचे धान्य वाईट सालापर्यंत पोहोचविण्याचे साधन होती. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची बादशाही कोठारे दुष्काळात रयतेस खुली केल्याची कथा महाराष्ट्राच्या मनात इतकी खोल का रुजली, ह्याचे उत्तर ह्या साठवणीच्या महत्त्वात सापडते.

३. जुन्या व्यवस्थेची दुसरी बाजू

इतके वाचून जुना काळ स्वयंपूर्णतेचा सुवर्णकाळ होता असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर करणे अवश्य आहे. पेव गावात होते. परंतु ते गावाचे नव्हते. ते पाटलाचे, देशमुखाचे, सावकाराचे वा मोठ्या कुणब्याचे होते. अल्पभूधारकास व भूमिहीनास पावसाळ्याच्या तोंडी धान्य उसने घ्यावे लागे आणि सुगीस ते सवाईने किंवा दिढीने, म्हणजे मणास सव्वा मण वा दीड मण ह्या प्रमाणाने, फेडावे लागे. सालगड्यास वर्षाच्या करारावर धान्य मिळे आणि त्या धान्याबरोबरच तो त्या घराशी बांधला जाई. म्हणजे जी शिल्लक गावास तारीत असे, तीच गावातील दुबळ्यास ऋणात ठेवीत असे.

दुसरे असे, की ही शिल्लक एका वाईट वर्षास पुरे. दोन-तीन वर्षे सलग पाऊस फसला तर पुरत नसे. विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ, 'छप्पन्नाचा दुष्काळ' म्हणून ओळखला गेला. त्याच्या मागे १८९६-९७ चे वाईट वर्ष नुकतेच होऊन गेले होते. मराठवाड्यात त्या वर्षी धान्याइतकीच वैरणीची टंचाई पडली. जनावरे मेली म्हणजे पुढील पेरणी बुडाली, आणि पेरणी बुडाली म्हणजे पुढच्या वर्षीचे धान्यही गेले. जे चक्र चांगल्या काळात गावास पोसत होते, तेच तुटल्यावर गावास खाली ओढी. स्थानिक चक्राचे हे सामर्थ्य आणि हाच त्याचा दोष होय. ते स्वतःच्या पायावर उभे असते, म्हणूनच पाय घसरल्यास त्यास आधार नसतो.

४. पेवातून बाजारात, बाजारातून कोठारात

पहिला बदल लोहमार्गाने आला. सालारजंग ह्यांच्या कारभारात संस्थानात १८६५ ची जिल्हाबंदी झाली आणि रोख जमाबंदी स्थिरावत गेली. सारा रोख भरावयाचा म्हणजे काहीतरी विकले पाहिजे. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग सुरू झाला आणि १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीपर्यंत फाटा आला. हिंगोली हे तोवर हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या छावणीचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. १९०३ साली ती फौज हिंदी लष्करात विलीन झाली आणि पुढे गावाची ओळख कापसाची पेठ अशी झाली. येथील गावरानी कापसाच्या लांब धाग्यास मागणी होती. परभणी येथे १९१८ साली निघालेल्या सरकारी संशोधन क्षेत्रावर ह्या कापसाच्या सुधारणेचे काम चाले.

कापसाने ज्वारीस हाकलून लावले असे म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. कापूस आणि ज्वारी ही दोन पिके एकाच शेतात आलटून पालटून घेण्याची पद्धत कायम राहिली व त्यामुळे जमिनीचा फेरही राखला गेला. बदल झाला तो शिलकीच्या स्वरूपात. चांगल्या वर्षाचे धान्य पेवात घालण्याऐवजी विकून पैसा करणे शक्य झाले, आणि वाईट वर्षी बाहेरचे धान्य रेल्वेने येऊ शकले. ही सोय खरी होती. परंतु धान्य ज्याच्या हाती पैसा त्याच्याकडेच जाते, हेही तितकेच खरे.

दुसरा बदल महायुद्धाने आणला. १९४३ साली संस्थानात धान्याची सक्तीची लेव्ही सुरू झाली. जमिनीच्या मानाने ठरविलेले धान्य शेतकऱ्याने सरकारास ठरावीक भावाने घातले पाहिजे, असा हा नियम होता. शहरांस व तुटीच्या भागांस धान्य पुरविण्याचा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. तथापि वसुली ज्यांच्या हाती होती, त्यांच्या पद्धतीमुळे तिचा भार लहान शेतकऱ्यावर अधिक पडला. ज्या गावात शेकडो वर्षे साठा करणे हे शहाणपणाचे लक्षण मानले जाई, त्या गावात साठा लपवावयाची पाळी आली. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात लेव्ही न देणे हा प्रतिकाराचा एक मार्ग झाला, तो ह्या पार्श्वभूमीवर. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला; परंतु दुष्काळाची शिल्लक राखणे हे सरकारचे काम होय, ही कल्पना मात्र लेव्हीबरोबर नष्ट न होता अधिक बळकट झाली.

५. संकरित ज्वारी आणि १९७२

१९५६ पासून अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली भारतात गहू येऊ लागला; टंचाईच्या वर्षांत तांबडी मिलो ज्वारीही आली. जो मुलूख ज्वारीचे माहेर, त्याने परदेशची ज्वारी रांगेत उभे राहून घ्यावी, ह्यातील मानहानी लोकांनी दीर्घकाळ लक्षात ठेवली. पैनगंगेच्या पलीकडे, पुसद तालुक्यातील गहुली ह्या गावचे वसंतराव नाईक १९६३ साली मुख्यमंत्री झाले. १९६५ साली त्यांनी महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची जी जाहीर प्रतिज्ञा केली, ती ह्या संदर्भात समजून घेतली पाहिजे.

त्यांच्या हाती आलेले साधन म्हणजे संकरित ज्वारी. देशातील पहिला ज्वारीचा संकर, सी. एस. एच.-१, १९६४ साली प्रसारित झाला. तो लवकर येई, खताला चांगला प्रतिसाद देई आणि धान्य पुष्कळ देई. उणीव दोन ठिकाणी होती. एक म्हणजे त्याची धाटे बुटकी, त्यामुळे कडबा कमी. दुसरी अशी, की जुनी खरीप ज्वारी पाऊस सरल्यावर निसवे. संकरित ज्वारी पाऊस चालू असतानाच पक्वतेस येई, दाण्यावर बुरशी चढे आणि ज्वारी काळी पडे. अशा ज्वारीस भाव नाही, तिची भाकरी गोड नाही आणि ती पेवात ठेवण्याजोगीही नाही. अधिक धान्याच्या मोबदल्यात वैरण व टिकाऊपणा हे दोन्ही गुण कमी झाले. माणसाचे पोट आणि जनावराचे पोट एकाच पिकावर भरण्याचा जुना करार येथे प्रथम सैल झाला.

त्यानंतर लवकरच १९७२ चा दुष्काळ आला. १९७०-७१ पासून पाऊस कमी होत होता; १९७२ साली तो पुरताच फसला. दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लक्ष माणसे राबत होती. खडी फोडणे, रस्ते, नाला बांध, पाझर तलाव अशी ती कामे. मजुरीबरोबर सुकडी वाटली जाई. ह्या अनुभवातून वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला आणि तिचा कायदा १९७७ साली संमत झाला. छप्पन्नाच्या दुष्काळाशी तुलना करता १९७२ मध्ये जे साधले ते असाधारण होते. पावसाची तूट मोठी असूनही भूकबळींचे तसे थैमान झाले नाही. रेल्वे, कोठार, रेशन दुकान आणि हाताला काम ह्या चार गोष्टींनी माणसे वाचविली. पुढील परिच्छेदांत जी टीका येणार आहे, तिचे मोल ह्या यशाच्या संदर्भातच ठरवावे. मराठवाडा कृषी विद्यापीठाची परभणी येथे स्थापना झाली तीही ह्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी.

६. कालव्याचे पाणी

तिसरे स्थलांतर पाण्याकडे झाले. पूर्णा नदीवरील येलदरी धरण १९६८ साली पुरे झाले आणि सिद्धेश्वर धरणाच्या द्वारे त्याचे पाणी वसमतकडे गेले. पैनगंगेवर कळमनुरी व पुसद तालुक्यांच्या सीमेवर ईसापूर येथे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे धरण १९८२ साली उभे राहिले व त्याच्या कालव्यांनी ह्या परिसराचे अर्थकारण पालटले. अर्धापूरची केळी नावारूपास आली. डोंगरकड्यास साखर कारखाना उभा राहिला. वसमत व हिंगोली ह्या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा झाल्या. २०२४ साली 'वसमत हळद' ह्या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या घरांत पूर्वी सालगड्याची ज्वारी मोजली जाई, तेथील मुले नांदेडच्या व परभणीच्या महाविद्यालयांत शिकू लागली. कालव्याने दिलेली ही सुबत्ता नाकारणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. धनंजयराव गाडगीळ ह्यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा जो अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला, त्यातील मुख्य निष्कर्ष, की ओलिताचा लाभ शेतकऱ्यापुरता न राहता सर्व परिसरात झिरपतो, येथेही पडताळून पाहता येतो.

परंतु पाणी ही कोणत्या प्रकारची शिल्लक आहे? ज्वारीच्या पिकास हंगामात साधारणतः ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी पुरते. केळीस १२०० ते २२०० आणि उसास १५०० ते २५०० मिलिमीटर लागते. परिसराचा सरासरी पाऊस वर सांगितला आहेच. म्हणजे ज्वारी आपल्या शेतावर पडलेल्या पावसात भागविणारे पीक आहे; ऊस व केळी ही शेजारच्या, वरच्या, किंवा मागल्या वर्षीच्या पावसावर जगणारी पिके होत. पाऊस चांगला असताना हा भेद दिसत नाही. धरण भरले नाही, म्हणजे तो एकदम उघडा पडतो. कालव्याची पाळी लांबते; शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडा राहतो; बाग वाचविण्यासाठी विहिरीवर, आणि विहीर आटली म्हणजे कूपनलिकेवर, भार येतो. खडकाच्या भेगांतील मुळातच थोडके असलेले पाणी चांगल्या वर्षांत जपून ठेवावयाचे, ते चांगल्या वर्षांतही उपसले जाऊ लागले. पेव सुगीच्या वर्षी भरत असत. हे पेव सुगीच्या वर्षीही रिकामे होत राहिले.

२०१४-१५ आणि २०१५-१६ ही दोन वर्षे मराठवाड्यास सलग दुष्काळाची गेली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या रेल्वेने मराठवाड्यात धान्य येऊ लागले होते, तिनेच एकविसाव्या शतकात पाणी आणले. शिलकीची जागा कशी बदलली ह्याचा ह्याहून बोलका पुरावा नाही.

७. जमिनीचा हिशेब

पाण्याचा हिशेब दुष्काळात तरी डोळ्यांस दिसतो. जमिनीचा तितक्या सहज दिसत नाही. कालव्याखालील काळ्या मातीत पाण्याचा निचरा न झाल्यास क्षार वर येतात व जमीन चोपण होते, हा अनुभव महाराष्ट्रास नवा नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ साली सुरू झाले आणि पुढील काही दशकांतच तेथील जमिनी खारावल्याची तक्रार सुरू झाली. ब्रिटिश अभियंत्यांना निचऱ्याचा अभ्यास हाती घ्यावा लागला. नीरेचा हा धडा पैनगंगेच्या खोऱ्यास उपलब्ध होता. बारमाही पिकांऐवजी आठमाही पाणी अधिक शेतांस द्यावे, ही सूचनाही राज्यात अनेक वर्षे चर्चिली गेली. परंतु पीक कोणते घ्यावयाचे हे पाण्याच्या नियोजनाने नव्हे, तर भाव व कारखाना ह्यांनी ठरविले.

कोरडवाहू शेतांतही चक्र तुटले आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीन पसरत गेले. ते द्विदल आहे, थोड्या दिवसांत येते, रोख पैसा देते आणि रब्बीस रान मोकळे करते. शेतकऱ्याने ते उगीच स्वीकारलेले नाही. तथापि त्याचे तेल गिरणीत जाते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात वा परदेशी जाते, आणि शेतकऱ्याच्या घरात थेट खावयास त्यातील फारसे काही राहत नाही. कडब्यासारखी वैरणही ते देत नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची गुरे कमी झाली. यंत्राने बैलाची जागा घेतली हे खरे, परंतु शेणखताची जागा रासायनिक खताने पूर्ण भरून निघत नाही, कारण नत्र-स्फुरद-पालाश म्हणजे मातीतला सेंद्रिय अंश नव्हे. ओल धरून ठेवण्याची जी शक्ती ह्या मुलखाचे पहिले धरण होती, ती ह्याच अंशावर अवलंबून असते. तणनाशकाच्या फवारणीने तांदुळजा आणि पाथरी ह्यांचीही गणना तणात झाली, आणि वरणभाकरीच्या जोडीची भाजी शेतातून निघून बाजारात गेली. हळदीची गोष्टही विचारात घेण्यासारखी आहे. ओली हळद शिजवून व वाळवूनच विकावी लागते. पूर्वी कढईखाली लाकूडफाटा मोठ्या प्रमाणावर जळे. वाफेच्या यंत्राने इंधन वाचते, पण लागतेच.

पांढरीतही असाच पालट झाला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू व तांदूळ अत्यल्प दरात आणि २०२३ पासून विनामूल्य मिळू लागले. गरिबाच्या दृष्टीने हे सवाई-दिढीच्या फेऱ्यातून सुटणे आहे. त्याचे मोल फार मोठे आहे. पण ह्या गव्हातांदळाचा मोठा वाटा पंजाब व हरियाणासारख्या प्रदेशांत, भूजलाच्या अतोनात उपशावर पिकलेला असतो. म्हणजे डोंगरकड्याची काळी आपले पाणी साखरेच्या व केळीच्या रूपाने बाहेर पाठविते आणि डोंगरकड्याची पांढरी पंजाबचे पाणी धान्याच्या रूपाने आत घेते. दोन्ही ठिकाणची शिल्लक खर्ची पडते. आणि दोन्ही ठिकाणी ती जमिनीखाली असल्याने कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की शिलकीच्या प्रत्येक स्थलांतराने एक जुना अन्याय किंवा धोका कमी केला. बाजाराने गावाचे एकाकीपण मोडले, कोठाराने भूकबळी थांबविले, कालव्याने दारिद्र्य हटविले. त्याचबरोबर प्रत्येक स्थलांतराने शिल्लक उपभोक्त्याच्या नजरेपासून दूर नेली. पेवातील धान्य किती उरले हे घरच्या बाईस ठाऊक असे. कोठारातील साठा सरकारास ठाऊक असतो. भेगांतील पाणी आणि मातीतला कस ह्यांचा साठा किती उरला, हे ज्याने तो खर्चावयाचा त्यास आपण होऊन कळत नाही; विहीर कोरडी पडते तेव्हाच कळते. टिकाऊ अन्नव्यवस्था म्हणजे जुनी व्यवस्था नव्हे. जिच्यातील शिल्लक मोजता येते आणि जिच्या भरपाईची जबाबदारी कोणावर तरी निश्चित असते, ती व्यवस्था टिकाऊ होय.

ज्वारीकडे परत जाण्याची भाषा अलीकडे ऐकू येते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. त्याआधी २०१८ साली परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह व जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला. ह्या प्रयत्नांचे स्वागत केले पाहिजे. मात्र ज्वारी हे केवळ आरोग्याचे अन्न म्हणून शहरात महाग विकले गेले आणि तिचा कडबा, तिच्यासोबतची तूर व तिच्या खुरपणीतील भाजी परत आली नाही, तर परत आले ते पीक. व्यवस्था परत आली असे म्हणता येणार नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांपुढे येथे एक काम आहे. हॅरॉल्ड मॅन ह्यांनी १९१७ साली पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या गावाचा जमीन व मजुरी ह्या अंगांनी केलेला अभ्यास आजही आदर्शवत् मानला जातो. त्याच धर्तीवर डोंगरकडा व आसपासची आठ-दहा गावे घेऊन, पीकपाहणीची जुनी नोंदवही, विहिरींच्या खोलीचा इतिहास, गुरांची गणना, रेशनचा उचल आणि वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी एकत्र मांडाव्या. ज्यांनी १९७२ ची सुकडी खाल्ली, ती पिढी आता वार्धक्यात आहे. ज्यांनी पेव भरताना पाहिले, ते त्याहून थोडे उरले आहेत. विहिरीचे पाणी पुन्हा भरता येईल. ह्या माणसांची साक्ष मात्र एकदा गेली की गेली. म्हणून ह्या कामास ह्याच वर्षी आरंभ होणे इष्ट होय.